खिंडीखालचा सोमवार

उज्जैन सपाट आहे. चढ म्हणावा असं गावात काही असेल तर नदीच्या घाटाच्या पायऱ्या, नाहीतर स्टेशनवरचा पादचारी पूल. अशा गावात आयुष्य काढलेल्या बाईला चौदा हजार फुटांवरच्या खिंडीचं वेड का लागावं, हे मला कधीच कुणाला समजावून सांगता आलं नाही. रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीमागे बावीस वर्षं बसून मी दुसऱ्यांना पठाणकोटची आणि काठगोदामची तिकिटं काढून दिली, त्याचा परिणाम असेल. लोक परत आल्यावर खिडकीशी येऊन थोडंच सांगतात, काय पाहिलं ते.

ती खिंड हिमाचलात आहे. अलीकडच्या बाजूला पाऊस, गवत, देवदार. पलीकडे एक झाड नाही, नुसती तपकिरी कोरडी दरी. वर उभं राहिलं की दोन्ही एकदम दिसतात, एवढंच मी ऐकलं होतं आणि तेवढंच मला बघायचं होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा वर इतकं बर्फ होतं की शेवटच्या मुक्कामावरून सगळ्या गटालाच परत फिरवलं. दुसऱ्या वेळी नवरा बरोबर होता. त्याच शेवटच्या मुक्कामावर त्याचं डोकं दुखायला लागलं, त्याला खाली यावं लागलं आणि त्याच्या मागोमाग मला. घरी आल्यावर त्याने सगळ्यांना सांगितलं की हवा खराब होती. मी शेजारी उभी राहून मान डोलावली. बायका डोलावतातच.

तिसऱ्या वेळेआधी गुडघ्याच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की चढउतार करायचा असेल तर या वर्षी करा, पुढचं मी सांगत नाही. मी पंचावन्न वर्षांची होते. फ्रीगंजमधल्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींचा गट त्या वर्षी त्याच खिंडीला निघाला होता, जुलैमध्ये. जुलै म्हणजे महाकाळाच्या पालखीच्या सवाऱ्यांचा मोसम, खिडकीवर रांगा रस्त्यापर्यंत येतात, त्या दिवसांत रजा मागणाऱ्याकडे साहेब वेड्याकडे बघावं तसं बघतात. मी मागितली आणि मिळेपर्यंत रोज मागत राहिले.

तयारीसाठी मी पहाटे रामघाटावर जाऊन पाठीवर आठ किलो कणीक घेऊन पायऱ्या चढायची-उतरायची. तिसऱ्या दिवशी एका पंडितजींनी विचारलं, "बहनजी, कौन-सी मन्नत है?" मी म्हटलं, मन्नत नाही, पहाड पर जाना है. ते हसले आणि त्यांनी आपल्या यजमानांना सांगितलं की या बाईंनी एक हजार आठ पायऱ्यांचा संकल्प केला आहे. त्यानंतर दोन बायका माझ्या पाया पडल्या. सराव संपला की त्याच कणकेच्या पोळ्या घरी खायच्या होत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता नवऱ्याची अट. एकटीने जायचं नाही, ताईला घेऊन जा. गटात अकरा माणसं होती, तरी त्याच्या हिशोबी मी एकटीच होते. ताई म्हणजे माझी नणंद, त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. शाळेत मास्तरीण होत्या, लग्न केलं नाही, आता निवृत्त होऊन दोन गल्ल्या सोडून एकट्या राहतात. सासू लवकर गेल्यामुळे नवऱ्याला त्यांनीच वाढवलं, आणि त्याची आठवण ते दोघेही मला अधूनमधून करून देतात. डॉक्टरांच्या तपासणीत ताई माझ्यापेक्षा ठणठणीत निघाल्या. पंचक्रोशीची यात्रा त्यांनी सहा वेळा पायी केलेली, वैशाखाच्या उन्हात, पाच दिवस, एक वेळ जेवून. "अगं, तू टेन्शन नको घेऊ," त्या म्हणाल्या, "मी आरामात चालते. तुलाच हात द्यावा लागेल, बघ."

मला राग आला होता, ते लपवत नाही. ती खिंड माझी होती. तीन वर्षं मी तिची वाट पाहत होते, आणि आता ताई जणू शेजारच्या लग्नाला निघाल्यासारख्या डबे भरत होत्या.

आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. उज्जैनमध्ये दोन श्रावण असतात. इथल्या लोकांचा श्रावण पौर्णिमेनंतर लागतो आणि आम्हा मराठी माणसांचा त्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावास्या झाली की. महाकाळाची सवारी मात्र दोन्ही श्रावणांच्या सोमवारी निघते. त्यामुळे मराठी घरांत कुणी फक्त आपले चार सोमवार धरतं, कुणी इथल्यांचे धरतं, आणि ताई पहिल्या सवारीपासून शेवटच्या सवारीपर्यंत सगळे धरतात. सकाळी एक कप चहा, मग संध्याकाळी सवारी परत देवळात जाईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. "ताईंचा श्रावण दीड महिन्याचा," असं मीच कितीदा हसून म्हटलं आहे.

गटाच्या तारखा बघताना खिंडीचा दिवस सोमवारी येतोय हे माझ्या लक्षात आलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, आपला श्रावण अजून लागायचा होता, आणि मी निश्चिंत झाले. निश्चिंत झाले म्हणजे काय, व्हायचं ठरवलं. ताईंना मी काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

पहिले तीन दिवस ताई खरोखरच माझ्या पुढे चालल्या. गटाचा म्होरक्या पस्तिशीचा पहाडी माणूस होता, कमी बोलणारा. रोज संध्याकाळी तो सगळ्यांच्या बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचा, आणि ताईंचा आकडा माझ्यापेक्षा चांगला यायचा. त्या मला तो दोनदा मोठ्याने वाचून दाखवायच्या. पहिल्याच संध्याकाळी त्याने आम्हाला गोल बसवून नियम सांगितले होते. डोकं दुखलं तर लपवायचं नाही. पाणी पीत राहायचं. आणि खिंडीच्या दिवशी, "जो खाली पेट चलेगा, उसको वहीं से वापस भेजूँगा, साथ में उसके घरवाले को भी." सगळे हसले. मी ताईंकडे बघायचं टाळलं.

सोमवारी उजाडता उजाडता आम्ही तंबूबाहेर आलो. थंडीने बोटं वळत नव्हती. दलिया आणि उकडलेली अंडी होती. ताईंनी चहा घेतला आणि दलियाची वाटी हातात धरून त्या तंबूच्या मागच्या बाजूला गेल्या. परत आल्या तेव्हा वाटी रिकामी होती. मी त्याच बाजूला बूट बांधत बसले होते. दगडाआड सांडलेला दलिया मला दिसला. गरम होता, त्यातून वाफ निघत होती. ताईंनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि मी दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला लागले.

त्या क्षणी काय करायचं हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. म्होरक्या दहा पावलांवर उभा होता. पण त्याचा नियम माझ्या डोक्यात पक्का बसला होता: ताई परत गेल्या की घरचं माणूस म्हणून मीही परत. मी स्वतःला समजावलं की पाच दिवसांची पंचक्रोशी एक वेळ जेवून करणारी बाई आहे, पाच तास सहज काढेल. आणि आपला श्रावण तर लागलाच नाही, असंही मी स्वतःला सांगितलं, जसं काही पोटाला पंचांग कळतं.

चार तास त्या चालल्या. दगड, मग बर्फाचा घट्ट पट्टा, मग पुन्हा दगड. शेवटच्या चढाखाली आलो तेव्हा खिंड दिसत होती. दोन काळ्या खडकांमधली मोकळी जागा, रंगीत पताका, आणि त्यामागे निळं काही नाही, नुसता उजेड. म्होरक्या म्हणाला, तीनशे फूट, पाऊण तास. मला रडू येत होतं. मी मागे वळून बघितलं तर ताई खाली बसल्या होत्या.

त्या घामाने थबथबल्या होत्या आणि हात थरथरत होते. चेहरा कणकेसारखा पांढरा. म्होरक्याने बोटाला यंत्र लावलं, थंड बोटांवर ते धड चालेना. त्याने विचारलं, डोकं दुखतंय? ताई म्हणाल्या, थोडं. मळमळतंय? त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग त्याने विचारलं, "सुबह नाश्ता किया था?"

"किया था भैया, दलिया खाया," ताई म्हणाल्या.

तो माझ्याकडे वळला. "दीदी, आपने देखा इनको खाते हुए?"

मी म्हटलं, "हाँ. मेरे सामने खाया."

एवढं सहज निघालं तोंडातून. खिडकीवर रोज शंभर वेळा 'जागा नाही' म्हणते ना, तसं. म्होरक्याने पेल्यात ग्लूकोज घालून ताईंच्या ओठांशी धरलं, तर त्यांनी तोंड फिरवलं आणि हाताने तोंड झाकलं, उलटी होईल म्हणून. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी पताकांकडे बघत होते. त्याने दोनदा आग्रह केला, मग पेला खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. पोटात अन्न असून ही अवस्था, म्हणजे उंचीचा त्रास आहे, आणि त्यावर उतरण्याशिवाय औषध नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. त्याचा चाळिशीतला मदतनीस ताईंना घेऊन खालच्या मुक्कामावर जाईल. बाईमाणूस आजारी आहे, तर घरातली बाई बरोबर हवी.

मी भांडले. अकरा माणसांसमोर, त्या उंचीवर, दम लागत असताना. मी म्हटलं, माझं तीन वर्षांचं आहे हे, मदतनीस आहे ना बरोबर, मी का जाऊ? तो म्हणाला, दीदी, तुमची बहीण आहे. आणि मी म्हटलं, "मेरी बहन नहीं है. मेरे पति की बहन है."

ताईंनी हातमोजे घातले आणि उठायचा प्रयत्न केला. त्यांना उठता आलं नाही, तेव्हा मी आणि मदतनीसाने दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. बाकीचे वर गेले. थोड्या वेळाने वरून ओरडण्याचे, हसण्याचे आवाज आले. मी मागे वळले नाही. हट्टाने वळले नाही.

उतरताना ताईंचं सगळं वजन माझ्या उजव्या खांद्यावर होतं आणि माझं सगळं वजन उजव्या गुडघ्यावर. बर्फाच्या पट्ट्यावर एकदा पाय सरकला आणि गुडघ्यात काहीतरी फाटलं, हे मला तेव्हाच कळलं. मुक्कामावर पोचायला सहा तास लागले.

मुक्कामावर संध्याकाळी ताईंनी घड्याळ बघितलं, पश्चिमेकडे तोंड करून हात जोडले, आणि मदतनीसाने केलेली डाळ-रोटी पुढ्यात घेतली. तीन रोट्या खाल्ल्या. पंधरा मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मदतनीस बघतच राहिला. "माताजी, आपका तो व्रत था क्या?" त्याने विचारलं. ताई म्हणाल्या, हो. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि भांडी घासायला घेतली.

दोन दिवसांनी सगळा गट रस्त्यावर एकत्र आला. लोकांनी मला पलीकडच्या दरीचे फोटो दाखवले. मी 'वा' म्हटलं. म्होरक्याला मदतनीसाकडून कळलं होतं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दीदी, वापस भेजने वाली बात तो मैं डराने के लिए बोलता हूँ. आप सच बता देतीं तो मैं जबरदस्ती दो गिलास शक्कर का पानी पिलाता, आधा घंटा बिठाता, और दोनों को ऊपर ले जाता." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

म्हणजे मी खिंडीसाठी खोटं बोलले आणि त्या खोट्यानेच खिंड गेली. खरं बोलले असते तर दुपारी बाराला मी वर उभी असते. हे मी गेलं वर्षभर रोज एकदा तरी मनात म्हणते, पोळ्या लाटताना, खिडकी उघडताना.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी स्कॅनचं चित्र बघून नकारार्थी मान हलवली. आता जिने जपून, डोंगर विसरा.

उज्जैनला आल्यावर मात्र वेगळीच गंमत झाली. ताईंनी कुणालाच उपासाचं सांगितलं नाही, माझ्या तोंडून निघालेल्या कशाचंही नाही. उंचीचा त्रास झाला आणि वहिनीने आपली खिंड सोडून मला खांद्यावरून खाली आणलं, एवढंच. गटातल्या ज्यांनी ऐकलं होतं तेही गप्प राहिले, कारण वर जाऊन आल्यावर माणसं उदार होतात. नवरा चार लोकांत सांगायला लागला, "मी म्हटलंच होतं ताईला बरोबर घेऊन जा, किती बरं झालं." काय बरं झालं, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. शेवटी आमच्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात मला पुढे बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं. माइकवरच्या बाई म्हणाल्या की नणंदेसाठी हातातोंडाशी आलेलं शिखर सोडणारी भावजय आजच्या काळात शोधून सापडणार नाही. शिखर नव्हतं ते, खिंड होती. पहिल्या रांगेत बसून ताई टाळ्या वाजवत होत्या.

परतताना आम्ही दोघी एका ई-रिक्षात बसलो. टावर चौकात गर्दीत रिक्षा अडकली. शाल मांडीवर होती आणि मला ती फेकून द्यावीशी वाटत होती. मी म्हटलं, "ताई, तुम्ही टाळ्या कशाला वाजवत होतात? तुम्हाला तर माहीत आहे सगळं."

त्या समोरच्या चाटवाल्याकडे बघत म्हणाल्या, "तू दलिया पाहिला होतास ना?"

"हो."

"मलाही माहीत होतं तू पाहिलास म्हणून. मी तर पूर्ण रस्ता वाट बघत होते, की तू आता सांगशील, आता सांगशील. अगं, धरलेला उपास आपल्या हाताने नाही मोडता येत. घरच्या माणसाने गळ्याची शपथ घातली तर मोडता येतो, त्याचा दोष नाही लागत. माझी हालत तर चढाच्या सुरुवातीलाच खराब झाली होती."

"मग तो ग्लूकोज देत होता तेव्हा घ्यायचं होतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "तेव्हा कुठली शपथ हवी होती?"

"तेव्हा कशी घेणार? मी खोटं बोलले ते माझं होतं, ते मी वापस घेतलं असतं. पण तू सगळ्यांसमोर साक्ष दिलीस की तुझ्यासमोर खाल्लं. मग मी कशी म्हणू की नाही खाल्लं? तुला अकरा माणसांत खोटं पाडू? तू बोललीस ना, 'मेरे पति की बहन है', ते तर नंतर बोललीस. तोपर्यंत मी तुला आपली समजून चालले होते."

रिक्षा सुटली. मला म्हणायचं होतं की मला शपथेचं सुचलंच नाही. ते खोटं ठरलं असतं. सुचलं होतं. त्यांनी पेल्यावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं तेव्हाच सुचलं होतं, आमच्या घरात शंभर वेळा अशा शपथा घालून उपास सोडवलेले मी पाहिले आहेत. पण शपथ घालायची तर उपास माहीत होता हे कबूल करावं लागलं असतं, आणि वर पताका दिसत होत्या. ताई त्या दगडावर बसल्या जागी बेशुद्ध पडल्या असत्या, तरी मी म्हणतच राहिले असते की त्यांनी दलिया खाल्ला होता.